एकच मॅक्रो, दोन तऱ्हा



गेल्या वर्षी आमच्या प्रोग्रामिंग गटातल्या अकरावीच्या एका कॅडेटने आपल्या हाउससाठी छोटासा प्रोग्राम लिहिला. काम साधे होते. लाइट्स आउटनंतर डॉर्मिटरीची गणती घेणारा ड्यूटी कॅडेट रोज बदलतो. प्रोग्रामने रोज संध्याकाळी यादीतले पुढचे नाव काढायचे आणि एक चिठ्ठी छापायची. ती नोटीस बोर्डावर लागायची. प्रोग्राम लिस्प भाषेत होता आणि इमॅक्स या संपादकाच्या आत चालत होता. त्याने तो पाच वेळा चालवून पाहिला. पाचही वेळा बरोबर पुढचे नाव आले. मग माझ्याच सांगण्यावरून त्याने तो कंपाइल केला आणि लॅबच्या संगणकावर चालू ठेवला.

त्यानंतर तीन दिवस बोर्डावर एकच नाव लागले. आठवीतला एक कॅडेट तिन्ही रात्री निमूटपणे गणतीला उभा राहिला. चौथ्या दिवशी हाउस मास्टरांच्या लक्षात आले. त्यांनी त्याला विचारले, "अरे, सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "नाव बोर्डावर होतं, सर."

गोष्ट तिथे संपली नाही. सीनियर मुलगा ज्युनिअरला मुद्दाम ड्यूटी लावतो आहे, अशी कुजबुज सुरू झाली. आपल्यासारख्या शाळेत ही शंका हलकी नसते. प्रोग्राम लिहिणारा कॅडेट माझ्याकडे आला. "सर, मी काहीच केलं नाही. बघा ना, प्रोग्राम बरोबर चालतोय." त्याने स्वतःच्या संगणकावर चालवून दाखवला. खरोखरच दर वेळी पुढचे नाव येत होते. लॅबच्या संगणकावर मात्र पुन्हा तेच एक नाव. दोन्हीकडे कोड अक्षरशः एकच होता.

मुलगा खोटे बोलत नव्हता आणि संगणकही बिघडलेला नव्हता. फरक एवढाच होता की एका ठिकाणी प्रोग्राम इंटरप्रिटरने चालत होता आणि दुसऱ्या ठिकाणी कंपाइल होऊन. असे का होते आणि असा दोष कसा शोधायचा, हा आजचा पाठ.

मॅक्रो म्हणजे काय?

फंक्शन तुम्हाला ठाऊक आहे. त्याला किमती द्या, ते हिशोब करून उत्तर देते. मॅक्रो उत्तर देत नाही, तो कोड लिहून देतो. प्रोग्राममध्ये मॅक्रोचे नाव आले की आधी मॅक्रो चालतो आणि त्या जागी नवा कोड ठेवतो. याला मॅक्रोचा विस्तार म्हणतात. मग तो विस्तारलेला कोड चालतो.

म्हणजे मॅक्रोच्या बाबतीत वेळा दोन आहेत. एक विस्ताराची, दुसरी चालण्याची. या लेखातले सगळे दोष या दोन वेळांची गल्लत केल्यामुळे होतात.

ऑफिसातले उदाहरण घ्या. रोजचा आदेश लिहिणारा कारकून म्हणजे मॅक्रो, आणि तो आदेश पाळणारा कॅडेट म्हणजे चालणारा प्रोग्राम. साधा इंटरप्रिटर कारकुनाला रोज संध्याकाळी बोलावतो आणि आदेश नव्याने लिहून घेतो. कंपायलर कारकुनाला एकदाच बोलावतो, आदेश छापून घेतो आणि रोज तीच छापील प्रत बोर्डावर लावतो. "आज ज्याची पाळी असेल त्याने यावे" असे कारकुनाने लिहिले असेल, तर छापील प्रत रोज चालेल. पण लिहितानाच त्याने आजचे नाव घातले असेल, तर रोज तेच नाव लागेल. आमच्याकडे नेमके हेच झाले होते.

या तिन्ही गोष्टी लिस्पमध्ये एका क्रमाने आल्या. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत लिस्पवर काम सुरू केले. स्टीव्ह रसेल यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी पहिला इंटरप्रिटर हाताने उतरवला. टिमोथी हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी १९६२ मध्ये लिस्पमध्येच लिहिलेला लिस्पचा कंपायलर तयार केला, आणि १९६३ मध्ये हार्ट यांनी लिस्पसाठी मॅक्रो सुचवले. एकच प्रोग्राम दोन्ही पद्धतींनी चालवण्याची सोय लिस्पमध्ये इतकी जुनी आहे.

पहिला दोष : विस्तारताना केलेले काम

आता त्या कॅडेटचा कोड पाहू. येथे तो देवनागरीत लिहिला आहे. यंत्रावर टंकताना आज्ञांची मूळ इंग्रजी नावे वापरा. 'एन्थ' ही आज्ञा यादीतला अमुक क्रमांकाचा घटक देते आणि मोजणी शून्यापासून करते. यादी संपल्यावर पुन्हा पहिल्या नावावर येण्याची ओळ सोपेपणासाठी गाळली आहे.

(डेफव्हार पाळी -१)

(डेफमॅक्रो पुढचा ()
  (सेटक्यू पाळी (+ पाळी १))
  (लिस्ट 'एन्थ पाळी 'यादी))

(डेफन आजची-ड्यूटी ()
  (पुढचा))

मॅक्रोची शेवटची ओळ नीट वाचा. ती नाव देत नाही, कोड देते. पहिल्यांदा (एन्थ ० यादी), दुसऱ्यांदा (एन्थ १ यादी), असा. पाळीचा आकडा वाढवण्याचे काम मात्र विस्तार होतानाच उरकले जाते. विस्तारलेल्या कोडमध्ये ते नाही.

आमच्या संगणकांवर इमॅक्सची जुनी आवृत्ती होती. तिचा इंटरप्रिटर दर वेळी ओळ चालवताना मॅक्रो नव्याने विस्तारायचा. म्हणून दर वेळी आकडा वाढला आणि पाच चाचण्यांत पाच वेगळी नावे आली. तेव्हा पाळीची किंमत ४ झाली होती. त्याच सत्रात फाइल कंपाइल केली. कंपायलरने मॅक्रो एकदा विस्तारला, पाळी ५ झाली आणि 'आजची-ड्यूटी' या फंक्शनच्या आत (एन्थ ५ यादी) हा कोड कायमचा बसला. शून्यापासून मोजता पाचवा म्हणजे यादीतला सहावा. तो आठवीतला कॅडेट यादीत सहावा होता.

आम्ही दोष कसा शोधला?

आधी ठरवले की कोडला हात लावायचा नाही. दोष पुन्हा घडवून दाखवता आल्याशिवाय दुरुस्ती करू नये, नाहीतर दोष गेला की फक्त लपला, हे कळत नाही. लॅबच्या संगणकावर कंपाइल केलेले फंक्शन तीनदा चालवले. तीनदा तेच नाव आले. दोष हाती लागला.

मग मॅक्रो काय लिहून देतो ते पाहिले. लिस्पमध्ये त्यासाठी 'मॅक्रोएक्स्पांड' हे फंक्शन आहे. ते मॅक्रोचा विस्तार करून तो न चालवता आपल्याला दाखवते.

(मॅक्रोएक्स्पांड '(पुढचा))

उत्तर आले (एन्थ ६ यादी). तीच ओळ पुन्हा चालवली, तर (एन्थ ७ यादी). येथे त्या कॅडेटचा चेहरा बदलला. "सर, मी फक्त बघितलं, तरी आकडा वाढला!" बरोबर. नुसते पाहिल्याने पाळी पुढे सरकते, याचा अर्थ काम चुकीच्या वेळेला होते आहे. ही खूण लक्षात ठेवा. एकाच ओळीचा विस्तार दोनदा मागितला आणि दोन वेगळी उत्तरे आली, तर त्या मॅक्रोवर आधी संशय घ्या. नव्या चिन्हाचे नाव मुद्दाम बनवणारे मॅक्रो याला अपवाद आहेत. तिथे नाव बदलते, पण कोडचा अर्थ तोच राहतो.

खात्रीसाठी मॅक्रोच्या आत 'मेसेज' ही आज्ञा टाकली. तिने "आता विस्तार होतो आहे" एवढे छापायचे. फाइल कंपाइल करताना हा संदेश दिसला. नंतर फंक्शन तीनदा चालवले, तर एकदाही दिसला नाही. विस्तार केव्हा आणि किती वेळा होतो, हे डोळ्यांसमोर आले.

शेवटी इमॅक्स बंद करून नवे, कोरे सत्र उघडले आणि त्यात फाइल न चालवता सरळ कंपाइल केली. आता वेगळीच तक्रार आली, की पाळी या नावाला किंमतच नाही. कंपायलर 'डेफव्हार'ची ओळ वाचतो, पण कंपाइल करताना ती चालवत नाही. त्या संध्याकाळी कंपाइल करण्याआधी फाइल त्याच सत्रात चालवलेली होती, म्हणून ही तक्रार झाकली गेली होती. कोऱ्या सत्रात कंपाइल केले असते तर चूक पहिल्याच दिवशी उघड झाली असती. कंपाइल करायला मी सांगितले होते, कोऱ्या सत्रात करायला सांगितले नव्हते. ती चूक माझी.

दुरुस्ती एका मिनिटाची होती. येथे मॅक्रोची गरजच नव्हती, साधे फंक्शन पुरेसे होते.

(डेफन पुढचा ()
  (सेटक्यू पाळी (+ पाळी १))
  (एन्थ पाळी यादी))

आता आकडा वाढवण्याचे काम चालण्याच्या वेळी होते आणि दोन्ही पद्धतींत उत्तर एकच येते. नवे काही शिकलो की ते सगळीकडे वापरावेसे वाटते, हे स्वाभाविक आहे. पण फंक्शनने काम होत असेल तर मॅक्रो लिहू नये.

दुसरा दोष : मदतनीस हजर नाही

कधी मॅक्रो खरोखर हवा असतो. नकाशावाचनातला सहा आकडी ग्रिड संदर्भ घ्या. पहिले तीन आकडे ईस्टिंगचे, पुढचे तीन नॉर्दिंगचे. ही फोड कंपाइल करतानाच करायची असेल तर असा कोड होईल.

(डेफन तुकडे (अंक)
  (लिस्ट (सबस्ट्रिंग अंक ० ३)
         (सबस्ट्रिंग अंक ३ ६)))

(डेफमॅक्रो ठिकाण (अंक)
  (लिस्ट 'कोट (तुकडे अंक)))

त्याच फाइलमध्ये पुढे (ठिकाण "४५२७१८") असे लिहिले आणि फाइल इंटरप्रिटरने चालवली, तर ("४५२" "७१८") हे उत्तर मिळते. कोऱ्या सत्रात कंपाइल केली, तर 'तुकडे' नावाचे फंक्शन अस्तित्वात नाही अशी तक्रार येते. फाइलमध्ये ते डोळ्यांसमोर दिसत असते, म्हणून नवशिका गोंधळतो.

कारण पुन्हा वेळेचेच. कंपायलर 'तुकडे'चे भाषांतर करून पुढे जातो. ते फंक्शन स्वतः वापरण्यासाठी जवळ ठेवत नाही. मॅक्रोला मात्र ते विस्ताराच्या वेळीच हवे असते. इमॅक्स लिस्पमध्ये असे मदतनीस फंक्शन 'इव्हल-अँड-कंपाइल' या आज्ञेच्या आत ठेवावे. कॉमन लिस्पमध्ये याच कामासाठी 'इव्हल-व्हेन' आहे. तिच्यात कंपाइल होताना, फाइल लोड होताना आणि थेट चालवताना, अशा तिन्ही प्रसंगांची नोंद करावी. मदतनीस फंक्शने वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ती आधी बोलावून घेणे हाही चांगला मार्ग आहे.

तिसरा दोष : क्रम चुकला

मॅक्रो फाइलच्या तळाशी लिहिला आणि तो वापरणारे फंक्शन वरती. इंटरप्रिटरला चालते, कारण फंक्शन प्रत्यक्ष बोलावले जाईपर्यंत पूर्ण फाइल वाचून झालेली असते आणि मॅक्रो ठाऊक झालेला असतो. कंपायलर वरून खाली जातो. मॅक्रोची ओळख होण्याआधी त्याचे नाव भेटले, की ते साध्या फंक्शनचे नाव समजून तो तसा कोड तयार करतो. चालवताना इमॅक्स "हे फंक्शन वैध नाही" अशी तक्रार करतो. उपाय सोपा आहे. मॅक्रो आधी, वापर नंतर.

याचाच भाऊबंद दोष म्हणजे मॅक्रो बदलला, पण तो वापरणाऱ्या दुसऱ्या फाइली पुन्हा कंपाइल केल्या नाहीत. त्या फाइलींत जुना विस्तार तसाच बसलेला असतो. "दुरुस्ती केली तरी फरक पडत नाही" असे वाटले की आधी हे तपासा.

चौथा दोष : एकच वही सगळ्यांना

(डेफमॅक्रो कोरी-हजेरी ()
  (लिस्ट 'कोट (लिस्ट 'हजर)))

(डेफन हजेरी (रोल)
  (एनकॉन्क (कोरी-हजेरी) (लिस्ट रोल)))

'एनकॉन्क' ही आज्ञा पहिल्या यादीलाच दुसरी यादी जोडते, नवी प्रत काढत नाही. जुन्या पद्धतीच्या इंटरप्रिटरमध्ये रोल १२ दिला तर (हजर १२), मग रोल १५ दिला तर (हजर १५). कंपाइल केल्यावर पहिले उत्तर तेच, पण दुसरे येते (हजर १२ १५). कालची नोंद आज शिल्लक राहते. विस्तार एकदाच झाल्यामुळे यादीही एकच तयार झाली, आणि दर वेळी तिच्यातच भर पडत गेली. मॅक्रोने तयार यादी देऊ नये, यादी बनवण्याची आज्ञा द्यावी. म्हणजे विस्तार (लिस्ट 'हजर) असा यावा. मग दर वेळी नवी यादी बनेल.

पायथन शिकणाऱ्या कॅडेटांनी हा दोष बहुधा दुसऱ्या रूपात पाहिला असेल. फंक्शनच्या व्याख्येत पॅरामीटरची मूळ किंमत म्हणून रिकामी यादी दिली, की ती यादी व्याख्या वाचतानाच एकदा तयार होते आणि पुढच्या प्रत्येक वेळी तीच वापरली जाते. भाषा वेगळी, चूक तीच. एकदा व्हायचे काम कोणते आणि दर वेळी व्हायचे कोणते, हे ठरवले नव्हते.

नव्या आवृत्त्यांत काय?

२०१३ मध्ये आलेल्या इमॅक्स २४.३ पासून फाइल लोड होतानाच शक्य तितके मॅक्रो विस्तारले जातात. त्यामुळे आमच्या पाळीचा दोष नव्या इमॅक्समध्ये चाचणीतच दिसला असता. कॉमन लिस्पच्या एसबीसीएल या प्रणालीत प्रत्येक ओळ मुळातच कंपाइल होऊन चालते. तरी फाइल थेट लोड करणे आणि कंपाइल करून मग लोड करणे यांत फरक राहतोच, म्हणून दुसरा दोष तिथेही भेटतो. विस्तार नेमका किती वेळा होईल यावर आपला कोड कधीही अवलंबून ठेवू नये.

लक्षात ठेवण्याचा क्रम

१. दोष दोन्ही पद्धतींनी चालवून पाहा आणि फरक वहीत लिहून ठेवा.
२. कोरे सत्र उघडा, त्यात आधी काहीही न चालवता कंपाइल करा.
३. मॅक्रोचा विस्तार दोनदा मागवा आणि ताडून पाहा.
४. मॅक्रोतल्या प्रत्येक ओळीपुढे लिहा : ही ओळ विस्तारताना चालते की नंतर?
५. विस्तारताना लागणारी फंक्शने आणि किमती तेव्हा हजर आहेत का, ते पाहा.
६. मॅक्रो वापराच्या आधी आहे ना? तो वापरणाऱ्या सगळ्या फाइली पुन्हा कंपाइल केल्या ना?
७. जे बोर्डावर लावायचे, तेच तपासा. इंटरप्रिटरमधली चाचणी कंपाइल केलेल्या प्रोग्रामची हमी देत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी अकरावीच्या कॅडेटने हाउस मास्टरांना विस्ताराची ओळ कागदावर लिहून समजावली. कुजबुज थांबली. "चूक माझ्या कोडची होती, हेतूची नव्हती," असे तो म्हणाला तेव्हा हाउस मास्टर म्हणाले, "हेतू कळला. पण तीन रात्री कुणाच्या गेल्या?" त्यानंतरच्या तीन रात्री त्याने स्वतःहून गणती घेतली. आठवीतल्या कॅडेटलाही आम्ही एक गोष्ट सांगितली. आदेश पाळणे बरोबरच होते, पण आदेशात चूक दिसली तर ती वरच्यांच्या कानावर घालणे हेही कर्तव्यच आहे. तो आता आमच्या प्रोग्रामिंग गटात येतो.

स्वाध्याय

१. पहिल्या दोषातला मॅक्रो मॅक्रोच ठेवून दुरुस्त करा. सूचना : आकडा वाढवण्याची आज्ञा विस्तारलेल्या कोडमध्ये आली पाहिजे.
२. 'ठिकाण' या मॅक्रोत अशी भर घाला की संदर्भ सहा आकडी नसेल तर कंपाइल करतानाच चूक दाखवली जाईल. हे काम विस्ताराच्या वेळी करणे योग्य का आहे, ते दोन वाक्यांत लिहा.
३. एक मॅक्रो चालवण्याच्या वेळेची तारीख देण्यासाठी लिहिला आहे, पण कंपाइल केल्यावर रोज एकच तारीख दाखवतो. चूक कुठे असेल ते कोड न पाहता सांगा.